जिंकलेला आवाज

निकालाचा दिवस होता आणि भोईट्यांच्या दुकानात काळं कुत्रं फिरकलं नव्हतं.

एके काळी या दिवशी साताऱ्यातल्या पेढेवाल्यांना जेवायला फुरसत मिळत नसे. पोरगं पहिलं येवो की काठावर पास होवो, बाप पिशवी घेऊन दारात हजर. शेजारी, शिक्षक, देवघर, दूधवाला, सगळ्यांचा पेढा ठरलेला. विक्रांत भोईटे लहानपणी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून खोकी दुमडायचा आणि त्या दिवसांत इतके पेढे बघायचा, की त्याचं मन जे उडालं ते उडालंच. चाळिशी आली तरी त्यानं पुन्हा पेढा तोंडात घातला नव्हता. गिऱ्हाइकाला हे कळू द्यायचं नाही, एवढंच पथ्य तो पाळायचा.

आता निकाल लागायचा, पोरं घरी यायची आणि पेढ्यांची आठवण कुणाला व्हायची नाही. मुलांना बक्षीस शाळेतच, कानात, हातोहात मिळालेलं असायचं. मग वर्षाच्या शेवटी वेगळं तोंड गोड कशाला करायचं? विक्रांतला तक्रार करायचीही सोय नव्हती. त्याच्या मुलीच्या, जुईच्या कानावर तीच पट्टी होती, आणि त्या पट्टीत बोलणारा आवाज त्याचाच होता.

कंपनीनं त्या पट्टीला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. लोक मात्र तिला ‘शाबासकी’ म्हणायचे. आपल्या बाहेरच्या कानात एक छोटा खळगा असतो. मेंदूतून निघून हृदय, पोट अशी वस्ती करत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची फांदी तिथे अगदी कातडीजवळ येते. त्या जागी विजेची हलकीशी टिचकी मारली की निरोप मेंदूच्या बुडाशी पोचतो आणि तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन सोडतात. नशा नाही, झिंग नाही. अडलेलं कोडं सुटल्यावर आतून जसं बरं वाटतं, तेवढंच. गणित बरोबर आलं की टिचकी, शब्द बिनचूक लिहिला की टिचकी. पण नुसत्या टिचकीनं मुलाला कळणार कसं, की हे कशाबद्दल? म्हणून टिचकीच्या किंचित आधी एक आवाज जोडायचा. मुलाला सगळ्यात प्रिय असणाऱ्या माणसाचा.

तो माणूस कोण, हे मुलाला विचारत नसत, यंत्रावर तपासत. जुईच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून तिला आईचा, बाबाचा, बाईंचा आवाज ऐकवला होता. विक्रांतनं ‘शाबास, वाघा!’ म्हटल्याबरोबर पडद्यावरची रेघ जी उसळली, ती बघून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मैथिलीच्या आवाजाला रेघ जरा उचलली आणि बसली. मैथिली हसली होती तेव्हा. पण घरी जाताना स्कूटरवर मागे बसून ती एक अक्षर बोलली नाही, आणि विक्रांतनं ते लक्षात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं येईल त्या गिऱ्हाइकाला रेघेची गोष्ट सांगितली.

आज तर जुई वर्गात पहिली आली होती. चौथीतली पोर, ‘वर्गात लक्ष नसतं’ हे जिच्या प्रगतिपुस्तकावर कायमचं छापल्यासारखं असायचं, ती पहिली.

दुपारी ती दुकानाच्या पायऱ्या चढून आली. पट्टी शाळेपुरतीच असायची, ती दप्तरात होती.

“शाबास, वाघा!” विक्रांतनं गल्ल्यामागूनच दोन्ही हात पसरले. मुलगी असली तरी तो तिला पहिल्यापासून वाघाच म्हणायचा.

धावत आलेली जुई जागच्या जागी थबकली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तोंडाशी आलेला घास कुणी काढून घ्यावा, तशी ती बघत राहिली. मग तिचा हात कानाकडे गेला आणि रिकामाच खाली आला.

“काय झालं गं?”

“काही नाही.”

“अगं, पहिली आलीस ना तू?”

“बाबा, तू ते म्हणत जाऊ नको ना.”

“काय?”

“तेच. शाबास. तू म्हणतोस ते खोटं वाटतं.” तिनं दप्तर खाली ठेवलं. “शाळेतला बाबा खरं म्हणतो.”

आतून मैथिलीनं हाक मारली, “जुई, हातपाय धू. किती घामेजलीस! भूक लागली असेल.” जुई आत गेली आणि आईच्या कुशीत शिरली. दारातून विक्रांतला ते दिसत होतं. खव्याच्या कढईत यंत्राचा हात गोल गोल फिरत होता. ते यंत्र आल्यापासून विक्रांतला कढईजवळ उभं राहायची गरज नव्हती, तरी तो तिथे जाऊन उभा राहिला. मग बाहेर आला. काच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. त्याचं कशात मन लागेना.

मागचं एकेक आठवायला लागलं. पूर्वी जुई शाळेतून यायची ती थेट भट्टीशी. कोमट खव्याचा गोळा घ्यायची आणि हत्ती करायची. एक कान सुपाएवढा, दुसरा चिंचोक्याएवढा. गिऱ्हाइकं हसायची, आणि तीही हसायची. पट्टी लागल्यावर ते कधी थांबलं, विक्रांतला सांगता आलं नसतं. मध्यंतरी त्यानंच गोळा पुढे केला होता.

“याला काय मिळतं?” तिनं विचारलं होतं.

“काय मिळायचं? हत्ती मिळतो.”

तिनं जरा विचार केला आणि गोळा परत परातीत ठेवला. तेव्हा विक्रांतला वाटलं होतं, पोरगी मोठी झाली.

शाबासकीचं काम बघणाऱ्या डॉ. शर्वरी गोळे पुण्याहून शाळेत यायच्या. त्या आल्या त्या दिवशी विक्रांत त्यांच्या दारात जाऊन बसला. त्याचं सगळं ऐकून घेताना त्यांनी एकदाही त्याला तोडलं नाही. 

“तुम्ही दुपारचा चहा घेता?” त्यांनी विचारलं.

“घेतो की.”

“रोजचा चहा आला की फार आनंद होतो?”

“रोजचाच तो. आनंद कसला?”

“आणि कप तोंडाला लावला आणि रिकामा निघाला तर?”

विक्रांतनं तोंड वाकडं केलं.

“मेंदूचं तसंच आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “तो सुख मोजत नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, ते मोजतो. सुरुवातीला जुईला टिचकीचा आनंद व्हायचा. मग मेंदू शिकला, की ‘शाबास, वाघा’ ऐकू आलं की मागोमाग टिचकी येते. आता तो शब्द ऐकताच कप तोंडाला लावून तयार असतो. शाळेत कप भरलेला असतो. घरी तुम्ही तोच शब्द, त्याच आवाजात म्हणता, आणि कप रिकामा. त्या क्षणी डोपामीन रोजच्या पातळीच्याही खाली उतरतं.”

“म्हणजे मी कौतुक करतो...”

“आणि तिला पोचते ती शिक्षा. हो.”

खिडकीबाहेर सुट्टीतल्या वर्गाची मुलं रांगेनं निघाली होती. कुणी रांग मोडत नव्हतं. विक्रांतला उगाच उठून उभं राहावंसं वाटलं.

“आणि ते हत्ती?”

“हत्ती केल्यावर कुणी शाबास म्हणत नाही. जिथे तो आवाज येत नाही, तिथे मेंदूला राम वाटेनासा होतो.”

“हे असं होणार, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“पुस्तकात माहीत होतं.” त्यांनी नजर चुकवली नाही. “आईबापांनी आवाज दिल्यावर तेच शब्द ते घरीही बोलत राहतील, हे आम्ही धरलंच नाही. आम्हाला वाटलं, शाळेतली गोष्ट शाळेत राहील.”

“मग आता आवाज बदला. मास्तरांचा घाला, कुणाचाही घाला.”

“बदलू. पण तुमचा आवाज बिघडलाय तो बिघडलाच. पट्टी काढून तुम्ही तोच शब्द रोज म्हणत राहिलात, तर तिला रोज लागेल आणि हळूहळू शब्द बोथट होईल. बोथट म्हणजे दुखणार नाही, आणि बरंही वाटणार नाही.”

“पहिल्यासारखा?”

“ते मला खरंच माहीत नाही, भोईटे.”

तो निघाला तेव्हा डॉक्टरांनी खणातून एक छोटीशी कळ काढून दिली. कंपनीनं घरासाठी नवीनच काढली होती. पट्टी घरीही लावायची, आणि आपण शाबास म्हणताना कळ दाबायची. कप भरलेला.

विक्रांत दारात थबकला. “आणि आईचा आवाज? तोही बिघडला?”

“त्याला काही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तो हरला ना चाचणीत.”

कळ त्यानं त्याच संध्याकाळी वापरली. मोह कुणाला सुटलाय! जुई पट्टी लावून पाढे म्हणत बसली होती. विक्रांतनं खिशात हात घातला, म्हणाला, “शाबास, वाघा!” आणि कळ दाबली. जुईचा चेहरा उजळला. ती उठून त्याच्या गळ्यात पडली. किती दिवसांनी! विक्रांतचे डोळे भरून आले. त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा दाबली. ती आणखी बिलगली.

तेव्हा त्यानं खाली पाहिलं. जुईनं डोळे मिटले होते आणि मान कलती केली होती. ती मान त्याच्याकडे झुकली नव्हती; पट्टी लावलेल्या कानाकडे झुकली होती. खात्री करायची म्हणून त्यानं काहीच नसताना, भिंतीकडे बघत, कोरड्या आवाजात तेच दोन शब्द म्हटले आणि कळ दाबली. ती तशीच हसली, तशीच बिलगली. विक्रांतनं तिला हळूच बाजूला केलं. त्याला लाज वाटली. स्वतःच्या मुलीला आपण फसवलं, याची सरळसरळ लाज.

मैथिलीला त्यानं सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती.

“मला वाटायचं, तू जिंकलास,” ती म्हणाली. “त्या दिवशी मला किती लागलं होतं, माहितीय तुला? नऊ महिने पोटात मी वाढवली, आणि यंत्र म्हणतं, बाबा.”

“तुझाच आवाज वाचला, मैथिली.”

“वाचला म्हणे! मग आता काय करायचं?”

“काढून टाकू पट्टी.”

तिनं देठ मोडायचे थांबवले. मैथिली शाळेत हुशार होती, पण तिच्या घरी कुणाला त्याचं काही नव्हतं. पहिली आली तेव्हा तिला गवत कापायला पाठवलं होतं. हे ती कधीतरीच बोलायची, पण विसरली कधीच नव्हती. “पहिली आलीय रे ती,” ती म्हणाली. “मंडळाचा गुणगौरव होऊ दे. पत्रिकेत नाव छापलंय तिचं. एवढं एक होऊ दे, मग काढू.”

विक्रांतनं मान डोलावली. तिथेच चुकलं.

गुणगौरव समारंभ मंडळाच्या सभागृहात होता. दारात सनई वाजत होती. मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब जगदाळे स्वतः मुलांना फेटे बांधवून घेत होते. फेट्याशिवाय सत्कार झाला, असं त्यांच्या कारकिर्दीत कधी घडलं नव्हतं. पण सत्कारासाठी मुलं मुद्दाम पट्टी लावून आली होती; फेटा कानावरून घट्ट ओढावा लागतो, आणि पट्टी आड येत होती. म्हणून फेटे बांधणाऱ्यानं प्रत्येकाची पट्टी काढून एका स्टीलच्या ताटात ठेवायला सुरुवात केली. पोरं एकेक करून रिकाम्या कानांनी व्यासपीठावर जाऊन बसत होती.

विक्रांतला सुरुवातीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग निवेदक माइकवर म्हणाला, “ज्या आवाजानं ही मुलं घडली, तो आवाज आज सगळ्या गावाला ऐकायचाय! पालकांनी एकेक करून यायचं, आणि शाबासकीत जे म्हणता तेच, तसंच, आपल्या पाल्याला म्हणायचं!”

विक्रांत ताडकन उठला. तो खुर्च्या ओलांडत भाऊसाहेबांपाशी पोचला.

“भाऊसाहेब, हे थांबवा. मुलांना त्रास होईल. पट्टी नसताना तो शब्द—”

“अवो, शाबास म्हणल्यावर कुणाला तरास हुतो का?” भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “बसा बसा. तुमचाबी नंबर येतोय.”

पहिली आई माइकपाशी गेली. “शाब्बास माझ्या राजा!” तिचा राजा नव्या सदऱ्यात ताठ बसला होता. त्यानं वाट पाहिली. मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि तो ढसाढसा रडायला लागला.

“आनंदाश्रू!” निवेदक ओरडला. “आनंदाश्रू आहेत हे, मंडळी! टाळ्या!”

टाळ्या पडल्या. दुसऱ्या मुलानं बापाचा आवाज ऐकला आणि हातातला पुष्पगुच्छ खाली आपटला. एक मुलगी खुर्चीवरच पाठमोरी झाली. आईबाप गोंधळून पुन्हा पुन्हा, आणखी प्रेमानं, आणखी मोठ्यानं म्हणत होते, आणि दर वेळी मुलं अंग चोरत होती. टाळ्या विरळ झाल्या. सनईवाल्यानं न सांगता सनई थांबवली.

“कुमारी जुई विक्रांत भोईटे! आणि तिचे वडील, आपले पेढेवाले!”

विक्रांत माइकपाशी उभा राहिला. समोर भगव्या फेट्यात जुईचा चेहरा एवढासा दिसत होता. तिनं सगळं पाहिलं होतं. तिचे दोन्ही हात फेट्यावरून कानांवर होते, आणि ती त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होती. नको. बाबा, नको.

शब्द त्याच्या जिभेवर होता. सवयीनं आला होता, प्रेमानंच आला होता. खाली कुणीतरी म्हणालं, “अहो, बोला की!”  विक्रांतनं वळून पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि माइक मैथिलीपुढे धरला.

“मी?” ती पुटपुटली. “माझा कुठे आवाज आहे त्यात?”

“म्हणूनच.”

मैथिली पायरी चढून आली. काय बोलायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं लेकीकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं ते असं:

“जुई, फेटा घट्ट झालाय का गं?”

जुईनं कानांवरचे हात काढले. “हो,” ती म्हणाली. “खूप.” आणि तीही रडायला लागली. पण रडत रडत ती खुर्चीवरून उतरली आणि आईच्या पदरात येऊन घुसली. मैथिलीनं सगळ्या गावासमोर फेट्याची गाठ सैल केली. ते बघून पहिल्या राजाची आजी खालून उठली आणि त्याचाही फेटा सोडायला लागली.

जाताना भाऊसाहेब पट्ट्यांचं ताट घेऊन दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. मैथिलीनं ताटाकडे पाहिलं आणि पुढे निघाली. जुईची पट्टी ताटातच राहिली.

पुढे सगळं छान झालं, असं म्हणायला विक्रांतला आवडलं असतं. पण पहिल्याच चाचणीत जुई घसरली. सरळ घसरली. अभ्यासाला बसली की चिडायची, पुस्तक मिटायची, कशातच गोडी नाही म्हणून मुसमुसायची. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, धीर धरा, मेंदूला वेळ लागतो. किती, ते त्यांनाही सांगता येईना. मैथिली तिच्याजवळ बसायची, बोलायची, ओरडायचीसुद्धा. विक्रांत मात्र आपल्याच घरात बोलायला भ्यायचा. न जाणो, कधी तोंडातून निसटेल. तो दुकानातून घरात, घरातून दुकानात येरझारा घालायचा.

एका दुपारी कढईचं यंत्र बंद पडलं आणि विक्रांत स्वतः उलथनं घेऊन खवा भाजायला उभा राहिला. तुपाचा वास सुटला. जुई दारात येऊन बघत राहिली. त्यानं बोलावलं नाही. खवा परातीत काढून तो खोकी दुमडायला बसला.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. जुईनं परातीतला गोळा घेतला होता. भाजत होता, तर ती या हातातून त्या हातात टाकत होती. मग तिनं पाय केले, सोंड केली. सोंड तुटली. ती चिडली आता, टाकणार, असं विक्रांतला वाटलं. तिनं सोंड थुंकी लावून चिकटवली. एक कान सुपाएवढा झाला. दुसऱ्याला खवा उरलाच नाही.

हत्ती तळहातावर घेऊन ती बापासमोर येऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. वाट बघत असावी, किंवा घाबरत असावी. कदाचित दोन्हीही.

विक्रांतच्या ओठांपर्यंत शब्द आला. आता बोललो तर हाही हत्ती हिच्या हातून जाईल. काहीतरी करायलाच हवं होतं. तोंड बंद राहील, असं काहीतरी. त्यानं तिच्या हातातला हत्ती उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

“बाबा!” जुई किंचाळली. “तो हत्ती होता!”

विक्रांतचं तोंड भरलं होतं. त्याला मान तेवढी हलवता आली.

“अख्खा खाल्लास? एवढ्या मेहनतीनं केला होता मी! सोंड पुन्हा चिकटवली होती! आणि तू तर पेढे खातच नाहीस!” ती रागानं लालबुंद झाली होती. पाय आपटत परातीकडे गेली, भला मोठा गोळा उचलला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. “आता दुसरा करते. मोठा. आणि तू हात लावायचा नाहीस, सांगून ठेवते.”

विक्रांत गल्ल्यामागे बसून चघळत राहिला. खवा गोड होता, किंचित जळका, आणि त्याला थुंकीही लागलेली होती. त्यानं तो सगळा गिळला. जुईनं कान केला, मोडला, पुन्हा केला. मग मान वाकडी करून तिनं हत्तीकडे पाहिलं आणि एकटीच खुदकन हसली.